मसुद्यावर हरकती मागवल्या आहेत!

वर्ष २०१४, महिना ३, दिवस १८. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या ‘डेट’ला हे तीन आकडे दिले, की तारीख तयार व्हायची १८ एप्रिल ३९१४! संगणक बिघडलेला नसायचा. नियमच तसा होता. वर्ष सांगताना १९०० नंतर किती वर्षे झाली ते सांगायचे, महिने शून्यापासून मोजायचे, म्हणजे जानेवारी ० आणि मार्च २. दिवस तेवढा शहाण्यासारखा १ पासून सुरू. तीन आकडे आणि तिघांचे तीन हिशेब. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे व्यवहार ज्या भाषेत लिहिले जातात, त्या भाषेत हा प्रकार जवळजवळ दोन दशके नांदला.

१९९७च्या सुमारास त्यावर उतारा म्हणून ‘कॅलेंडर’ नावाची दुसरी सोय आली. तिने वर्षाचा घोळ मिटवला, पण जानेवारी शून्यावरच ठेवला. अखेर १८ मार्च २०१४ रोजी जावाची आठवी आवृत्ती आली आणि तारीख-वेळेची पूर्ण नवी रचना घेऊन आली. तिथे मार्च म्हणजे ३ आणि २०१४ म्हणजे २०१४. ही रचना ज्या कामातून उभी राहिली, त्याची धुरा जावाची मालकी असलेल्या कंपनीबाहेरच्या माणसांकडेही होती, आणि तिच्या कच्च्या मसुद्यावर हात चालवणाऱ्यांत संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जमणारे हौशी गटही होते. त्यांना ‘युजर ग्रुप’ म्हणतात. भाषा वापरणाऱ्यांनीच भाषेचे नियम घडवायला हातभार लावण्याची ही गोष्ट आहे.

नियम कोण ठरवतो?

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९९५मध्ये जावा लोकांपुढे आणली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही संगणकावर चालेल, हे तिचे मुख्य आश्वासन. ते पाळायचे, तर वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या जावांनी एकाच नियमपुस्तकाबरहुकूम वागायला हवे. अमुक आज्ञा दिली, की सगळीकडे तमुकच घडले पाहिजे. या नियमपुस्तकाला म्हणायचे मानक. ते खुले हवे, म्हणजे ते कुणालाही वाचता यावे आणि त्यावर कुणालाही बोलता यावे.

त्यासाठी १९९८च्या डिसेंबरमध्ये ‘जावा कम्युनिटी प्रोसेस’ सुरू झाली. तिचे संक्षिप्त नाव जेसीपी. भाषेत नवे काही आणायचे, तर आधी रीतसर प्रस्ताव मांडायचा. त्याला ‘जेएसआर’ म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. तज्ज्ञांचा गट मसुदा करतो, तो जाहीर होतो, अभिप्राय येतात, दुरुस्त्या होतात आणि कार्यकारी समिती मतदान करते. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा जसा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तसाच हा मामला. आराखडा कायम झाला, की रस्ता आपल्या अंगणातून गेला म्हणून कितीही ओरडले, तरी उपयोग नसतो.

प्रोग्रॅमिंग भाषेत तर ही अडचण जास्तच. जुन्या नियमांवर जगभर प्रोग्रॅम उभे असतात, त्यामुळे चुकीचा नियमही सहसा काढून टाकता येत नाही. वर्षाला १९०० जोडणारी ती ‘डेट’ची रीत १९९७मध्येच ‘वापरू नये’ या यादीत गेली, तरी आजही जावात मुक्कामाला आहे. म्हणून चूक पकडायची, ती मसुद्यातच.

प्रत्येक जेएसआरमधून तीन गोष्टी बाहेर पडाव्या लागतात. एक, नियमांचा लेखी मजकूर. दोन, ते नियम खरोखर चालतात हे दाखवणारा प्रत्यक्ष प्रोग्रॅम. तीन, चाचण्यांचा संच. दुसऱ्या कुणी तीच गोष्ट बनवली, तर ती नियमाबरहुकूम आहे की नाही, हे या चाचण्या ठरवतात. कागदावर सगळे उत्तम पण हातात घेतले की अडते, अशी मानके संगणकविश्वात कमी नाहीत. त्यांच्यावर हा तिहेरी उपाय.

राजीनामे आणि दोन नवे सभासद

२०१०च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली आणि वर्ष सरता सरता जेसीपीत वादळ उठले. ऑक्टोबरमध्ये समांतर प्रोग्रॅमिंगमधले मान्यवर संगणकशास्त्रज्ञ डग ली समितीबाहेर पडले. डिसेंबरमध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशननेही राजीनामा दिला. अपाचेने ‘हार्मनी’ नावाची मुक्तस्रोत जावा बनवली होती, पण चाचण्यांचा संच जाचक अटींशिवाय मिळत नव्हता. चाचणीच देता येत नसेल, तर मानक खुले कसले, हा त्यांचा सवाल होता. त्याच सुमारास ओरॅकलने समितीच्या जागेसाठी सुचवलेली होलॉजिक ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी सभासदांनी मतदानात नाकारली.

रिकाम्या जागांसाठी मे २०११मध्ये विशेष निवडणूक झाली आणि त्यात दोन युजर ग्रुप निवडून आले: ‘लंडन जावा कम्युनिटी’ आणि ब्राझीलचा ‘सूजावा’. आयबीएम, एसएपी यांसारख्या कंपन्यांच्या शेजारी आता वापरणाऱ्यांचे प्रतिनिधीही मत देऊ लागले. त्याच ऑक्टोबरमध्ये जेसीपीचे नियमही बदलले. तज्ज्ञ गटांची चर्चा बंद दाराआड चालणार नाही, ती सर्वांना वाचता येईल अशा जागी होईल, आणि आलेल्या तक्रारींची नोंद उघड राहील, असे ठरले.

पण समितीतली दोन मते म्हणजे काही मोठी सत्ता नव्हे. या गटांनी खरी कमाई केली ती ‘अडॉप्ट अ जेएसआर’ या उपक्रमातून. एखाद्या गटाने एक प्रस्ताव दत्तक घ्यायचा. मसुदा वाचायचा, न कळलेली वाक्ये टिपायची, अर्धवट तयार सोय घेऊन छोटे प्रोग्रॅम लिहून पाहायचे, अडले तिथे तक्रार नोंदवायची, चाचण्या लिहायला मदत करायची, आपल्या भाषेत लोकांना समजावून सांगायचे. यात झगमगाट काही नाही, चिकाटी मात्र भरपूर लागते. लंडन आणि ब्राझीलपाठोपाठ इतर देशांतले गटही यात उतरले. आपल्याकडून चेन्नईचा युजर ग्रुप त्यात होता.

साओ पाउलोची नसलेली मध्यरात्र

अशा दत्तक प्रस्तावांतला ३१० क्रमांकाचा म्हणजेच तारीख-वेळेची नवी रचना. तो २००७मध्ये दाखल झाला. त्याचे नेतृत्व स्टीफन कोलबर्न यांच्याकडे होते. जुन्या ‘डेट’ला कंटाळून त्यांनी आधीच ‘जोडा-टाइम’ नावाचे मुक्तस्रोत साधन लिहिले होते आणि ते जगभर वापरले जात होते. त्यांच्या जोडीला ब्राझीलचे मायकेल नासिमेंतो सांतोस आणि पुढे ओरॅकलचे रॉजर रिग्ज. लंडनच्या गटाने या प्रस्तावासाठी ‘हॅक डे’ भरवले, म्हणजे दिवसभर एकत्र बसून कच्च्या रचनेवर प्रोग्रॅम लिहून पाहणे.

तारखेत एवढे काय आहे, असे वाटेल. एक उदाहरण बघा. ब्राझीलमध्ये तेव्हा उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करत, आणि तीही थेट मध्यरात्री. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी साओ पाउलोत रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद झाले आणि पुढच्या क्षणी एक वाजला. त्या रविवारी तिथे रात्रीचे बारा वाजलेच नाहीत! आता ‘दिवस बाराला सुरू होतो’ हे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम त्या दिवशी आपटणार. खुद्द जोडा-टाइममधली ‘मध्यरात्र’ नावाची सोय अशा ठिकाणी फसायची. नव्या रचनेत म्हणूनच ‘मध्यरात्र दे’ असे न म्हणता ‘या दिवसाची सुरुवात या प्रदेशात कधी होते?’ असे विचारता येते. साओ पाउलोसाठी त्या दिवसाचे उत्तर येते, एक वाजता. बाराही महिने एकच वेळ पाळणाऱ्या भारतात बसून ही शंका सहसा मनात येणार नाही. उलट, तासाचा फरक अर्ध्यातही असू शकतो, हे साडेपाच तास पुढे असणाऱ्या भारतीयाला शिकवावे लागत नाही. नियम करताना नाना ठिकाणची माणसे हवीत, ती यासाठी.

दुसरा प्रश्न कर्जाचा हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला, तर कोणती तारीख येते? २०१२मध्ये ३१ फेब्रुवारी नाही, ३० नाही. नवी रचना म्हणते २९ फेब्रुवारी. ठीक. आता त्यातून एक महिना वजा करा. येते २९ जानेवारी, ३१ नव्हे. गणितात मिळवून वजा केले की मूळ संख्या परत येते, तारखेत ती येईलच असे नाही. यात बरोबर उत्तर एकच असे काही नसते. मात्र जे ठरेल ते स्पष्ट लिहिलेले हवे आणि सगळीकडे सारखे हवे. मानकाचे काम नेमके हेच.

तिसरी सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यात मोलाची तीच. जुनी तारीख तयार झाल्यावरही बदलता यायची. प्रोग्रॅमच्या दोन भागांकडे एकच तारीख असली आणि एकाने ती बदलली, तर दुसऱ्याला पत्ता लागायचा नाही. व्याज चुकल्यावरच समजायचे. नवी तारीख एकदा तयार झाली, की बदलत नाही. दहा दिवस मिळवले, तर नवी तारीख मिळते आणि जुनी शाबूत राहते.

दहाविरुद्ध तेरा

युजर ग्रुप नेहमी मान डोलावतात असे नाही. मे २०१७मध्ये जावाचे स्वतंत्र विभाग पाडणारा ३७६ क्रमांकाचा प्रस्ताव मताला आला. ओरॅकलचा तो महत्त्वाकांक्षी प्रकल्प. समितीने तो १० विरुद्ध १३ मतांनी परत पाठवला. विरोधात आयबीएम, रेड हॅट होतेच, पण लंडन आणि ब्राझीलचे गटही होते. हरकत अशी, की बरेच प्रश्न अजून सुटलेले नाहीत आणि चालू प्रोग्रॅम बंद पडतील. तज्ज्ञ गट पुन्हा बसला, तोडगे काढले आणि जूनमधल्या फेरमतदानात एकही मत विरोधात पडले नाही. जुलैत येणारी जावाची नववी आवृत्ती सप्टेंबरात आली. दोन महिन्यांचा उशीर झाला, पण काम पक्के झाले.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. समितीत ओरॅकलची जागा कायम, इतरांना निवडून यावे लागते. अपाचेचा सवाल राजीनाम्याने सुटला नाही. शिवाय फुकट काम करणाऱ्यांचा उत्साह कायम टिकतो असे नाही, आणि त्यांच्या श्रमांचा फायदा बड्या कंपन्यांनाही आयताच मिळतो. पण ऐकून घेण्याची सवय पुढे भाषेच्या अंगवळणी पडली, हे खरे. २०१८पासून जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि काही सोयी ‘आधी वापरून सांगा’ अशा बोलीवर दिल्या जातात. बाराव्या आवृत्तीत ‘स्विच’मधून, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतून, उत्तर बाहेर देण्यासाठी ‘ब्रेक’ हाच जुना शब्द घेतला होता. गोंधळ होतो अशी तक्रार आली आणि तेराव्यात तिथे ‘यील्ड’ आला. एकविसाव्या आवृत्तीत आजमावायला दिलेली ‘स्ट्रिंग टेम्प्लेट’ची, म्हणजे मजकुरात मूल्ये भरण्याची, सोय तेविसाव्यात चक्क मागे घेतली गेली.

आता आपल्याकडे वळू. नव्या रचनेत इंग्रजी दिनदर्शिकेखेरीज थाई बौद्ध, जपानी, हिजरी आणि तैवानची मिंगुओ अशा चार कालगणना जावाबरोबरच मिळतात. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका त्यात नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ती २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ला लागू झाली. राजपत्रावर आजही तिची तारीख असते. पंचांगातल्या तिथींसारखे तिच्यात चंद्राचे गणित नाही. चैत्र २२ मार्चला सुरू, लीप वर्षी २१ला. महिने ३० किंवा ३१ दिवसांचे. नियम एका पानात मावतात. जावाची आठवी आवृत्ती आली तो दिवस या गणनेने २७ फाल्गुन, शके १९३५.

अशी कालगणना बाहेरून जोडण्याची सोय नव्या रचनेत मुद्दाम ठेवली आहे आणि तिच्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. युजर ग्रुपना तर जेसीपीचे सभासदत्व विनाशुल्क मिळते. पुणे, मुंबई, नागपूरच्या कार्यालयांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावा रोज लिहिली जाते. त्या लिहिणाऱ्यांपैकी चार जणांनी महिन्यातली एक संध्याकाळ एखाद्या मसुद्यासाठी काढावी. वाचावा, वापरून पाहावा, आणि जे खटकले ते वेळेत लेखी कळवावे. भाषा पक्की झाल्यावर तिला नावे ठेवणे सोपे असते. पण तेव्हा हरकतींची मुदत संपलेली असते.