आतडं चुणायचं, मग पॉलिप कापायचा

परकरात नाडी ओवताना आपण नुसती पिन ढकलत नाही. पिन धरून कापड मागे चुणत नेतो. सुमारे सहा मीटर लांबीच्या, वेटोळ्या लहान आतड्यात दुर्बीण अशीच शिरते. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन फुगे असतात: एक दुर्बिणीच्या टोकाला, दुसरा तिच्यावरच्या नळीला. एकाने आतडं धरायचं, दुसरा पुढे सरकवायचा. मग दोन्ही फुगवून मागे ओढलं की आतडं नळीवर गोळा होतं. बंगळुरूच्या मोठ्या रुग्णालयांतही आता ही सोय आहे.

खरी कसोटी पुढे. पॉलिप म्हणजे अस्तरावर वाढलेली मांसल गाठ. देठ असेल तर तारेचा फास आवळून वीज सोडतात. कापणं आणि रक्त थांबवणं एकदमच. पण इथली भिंत फार पातळ, उष्णतेने भोक पडू शकतं. म्हणून बसक्या पॉलिपखाली आधी सलाइन टोचून तो वर उचलतात.

प्यूट्झ-येगर्स या आनुवंशिक आजारात (ओठांवरचे काळसर ठिपके ही त्याची खूण) पॉलिप पुन्हापुन्हा येतात, आतडं आतड्यात शिरून अडकतं. तिथे कधी कापतच नाहीत: देठाला क्लिप लावून रक्तपुरवठा तोडतात. पॉलिप सुकतो, गळतो आणि शौचावाटे निघून जातो.