मोबाइलचं वेड आणि मनगटावरची नाडी

आज बोलायचंय मुलांच्या मोबाइलबद्दल, पण सुरुवात करू मनगटापासून. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा. लागली नाडी? आता हळू श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. घाबरू नका, हे चांगलंच लक्षण आहे.

हृदय मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभराच्या आसपास पळेल. मेंदूतून येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू कासरा ओढून त्याला सत्तर-ऐंशीवर आणतो. कासरा कधी ताठ, कधी सैल, म्हणून ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होतं. आमच्या चेंबूरला लागून ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नाडीतले हे बारीक बदल मोजणारं यंत्र बनवलंय. अणुभट्टीवाले नाडीही बघतात, याची आमच्या गटाला मोठी गंमत वाटली!

आता गेमकडे येऊ. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी गेमच्या आहारी गेलेल्या तरुणांचे ठोके खेळतानाच मोजले. इतर तरुणांपेक्षा त्यांचा कासरा जास्त सैल पडलेला दिसला. म्हणजे मूल बसलेलं एका जागी, पण शरीर लढाईवर. अशा मुलांच्या मेंदूच्या एमआरआय तपासण्यांतही काही अभ्यासांत कपाळामागच्या भागातला करडा थर थोडा कमी आढळला. ‘पुरे आता’ म्हणणारा भाग तोच, आणि हृदयाच्या कासऱ्यालाही तिथून इशारे जातात. मात्र गेममुळे मेंदू बदलला, की मेंदू आधीच तसा म्हणून मूल अडकलं, हे एका तपासणीवरून ठरत नाही. ‘मोबाइलने मेंदू सडतो’ असं सांगत फिरणं आम्हाला पटत नाही.

हा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. मग चौदा वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा ठेवणार? खेळ ऐन रंगात असताना मोबाइल हिसकावला की तो अंगावर येतो, आपला हात उठतो, आणि बोलणंच बंद होतं. त्यापेक्षा दहा मिनिटं आधी सांगा, डाव संपू द्या. रात्री घरातले सगळे मोबाइल, आपलाही, अंथरुणापासून लांब ठेवा. झोप अपुरी राहिली की कासरा आणखी सैल होतो. दहा बाय दहाच्या खोलीत लांब कुठे ठेवणार? मांडणीवरचा डबाही चालतो.

प्रत्येक मोबाइलवेडं मूल आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला. खेळावर ताबा नाही, शाळा-जेवण-मित्र मागे पडले, नुकसान दिसूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तेव्हा तो आजार म्हणतात. नाडी बघून तो ओळखता येत नाही. ठोके चुकत असतील, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जा.

मनाच्या तक्रारीसाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून. मूल बोलायला तयार नसेल तर आधी आईने फोन केला तरी चालतो.