पदवीच्या फोटोतील मुले परत कधी येणार?
धाराशिव जिल्ह्यातील माजी विद्यार्थ्यांचे वर्ष आणि पुढचा बेत

आपल्या समाजातील अनेक घरांत आज एक फोटो दिसतो. भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, जरा बाजूला, काळा झगा घालून हातात पदवीची गुंडाळी धरलेल्या मुलाचा किंवा मुलीचा. आई तो फोटो पदराने पुसते, पाहुणा आला की आधी तोच दाखवते. फोटोतला मुलगा मात्र पुण्याला असतो, मुंबईला असतो, कुणी बेंगळुरूला. ज्या विद्यापीठाने ती गुंडाळी हातात दिली, त्याच्याशी असलेला त्याचा संबंध बहुधा फोटो काढला त्याच दिवशी संपलेला असतो. या अंकात आम्ही त्या संपलेल्या संबंधाविषयी, म्हणजे माजी विद्यार्थी संघाविषयी लिहीत आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या घरात यंदा बारावीचे किंवा पदवीचे लेकरू आहे, त्या माता-भगिनींनी तो जरूर वाचावा.

माजी विद्यार्थी संघ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. वर्षातून एक रविवार, महाविद्यालयाचे सभागृह, निवृत्त गुरुजनांचा शाल देऊन सत्कार, दोन-तीन आठवणी, अल्पोपाहार आणि शेवटी पायऱ्यांवर उभे राहून काढलेला सामुदायिक फोटो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नॅकची समिती महाविद्यालय तपासायला येणार असली की या संघाला अचानक जाग येते, कारण नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण असतात. समिती गेली की कुलूप. सत्काराला आमचा विरोध नाही. ज्यांनी आपल्याला घडवले त्यांच्यापुढे वाकलेच पाहिजे. पण एका रविवारात सगळे वर्ष आटोपले, तर बाकीच्या दिवसांत खेड्यातून येणाऱ्या पोराने विचारायचे कुणाला?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न अधिक लागू आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले, तेव्हा निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच होते. १९१८ साली निघालेले हैदराबादचे उस्मानिया, आणि त्याचे माध्यम उर्दू. तडवळ्याच्या, कळंबच्या, परंड्याच्या आपल्या पोराने तिथवर जावे कसे? १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि मराठवाड्याला दार उघडले. हेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर आपल्या वस्त्यांवर काय गुजरले, ते ज्यांनी सोसले ते आजही सांगतात. पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे ही नावे विसरायची नाहीत. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे राहिले.

यातला धाराशिव सर्वांत लांब. विद्यापीठ गाठायचे तर सुमारे अडीचशे किलोमीटर. एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी उमरग्याच्या मुलाने दोन दिवस आणि आईच्या आठवड्याची मजुरी घालवायची, अशी ही सोय! २००४ साली धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू झाले, त्यामुळे निदान काही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण जिल्ह्यात आले. व्यवस्थापनशास्त्र, शिक्षणशास्त्र, इंग्रजी, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विभाग तिथे आहेत. त्याआधी १९८६ पासून तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहेच. म्हणजे जिल्ह्यात उच्च शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांच्या पिढ्या आता झाल्या आहेत. माणसे पुष्कळ आहेत, पण ती एका वहीत नाहीत.

मेळावा मात्र एक होतो. तो कुठल्याही संघाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर दरवर्षी लोटणारा जनसागर आठवा. पत्रिका नाही, वर्गणी नाही, तरी मिलिंदचे जुने विद्यार्थी, विद्यापीठाचे संशोधक, शिक्षक, एसटीतले कर्मचारी, नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा, सगळे तिथे भेटतात. पुस्तकांच्या स्टॉलवर पंधरा-पंधरा वर्षांनी वर्गमित्र एकमेकांना ओळखतात. आमच्या मते मराठवाड्यातला सर्वांत मोठा माजी विद्यार्थी मेळावा हाच. त्याला एक टेबल आणि एक नोंदवही जोडली, तालुकावार नावे घेतली, तर धाराशिवच्या आठही तालुक्यांची यादी दोन-तीन वर्षांत उभी राहील.

बाबासाहेब स्वतः माजी विद्यार्थी म्हणून कसे वागले, हेही पाहावे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांच्यामागे महाड लागले, नाशिक लागले, गोलमेज परिषद लागली. तरी १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी आपल्या प्राध्यापकांविषयी आणि वर्गमित्रांविषयी जिव्हाळ्याने लिहिले. १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी दिली. तिथल्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. एवढ्या कामाच्या माणसाला आपल्या विद्यापीठासाठी वेळ होता, मग आपण कोणत्या कामात आहोत?

जून ते सप्टेंबर : खरे काम

माजी विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गरज लागते ती निकालानंतरच्या तीन-चार महिन्यांत. नेमके तेव्हाच कुणी नसते. मुलगा हुशार असतो, गुण असतात, पण अडते कागदावर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, आधारला जोडलेले बँक खाते आणि मग महाडीबीटीचा अर्ज. एक कागद चुकला की अर्ज परत येतो, आणि तो परत आला हे घरच्यांना तारीख गेल्यावर कळते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या आतील उत्पन्नासाठी आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. संशोधन करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. सरकारने योजना काढली, पण ती भूमच्या वस्तीपर्यंत पोचवणार कोण? हे काम त्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाचे आहे.

जात पडताळणीचेच घ्या. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपले आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या निर्गम उताऱ्यात नोंद सापडते. गेलेच नसतील तर महसुली कागद शोधायचे, आणि निजामकाळातले ते कागद बरेचसे उर्दूत, काही मोडीत. नवख्या पोराला हे कसे उमगावे? पण ज्याने आपली वैधता दहा वर्षांपूर्वी मिळवली, त्याला कोणत्या कपाटातला कोणता उतारा चालतो हे ठाऊक असते. शिवाय वडील, चुलते, आत्या अशा रक्ताच्या नात्यातील कुणाची वैधता झालेली असेल तर मुलाचे काम पुष्कळ सोपे होते. नोकरीतल्या कितीतरी बंधूंनी आपले वैधता प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवले आहे. पुतण्याला त्याची एक प्रत दिली तर झीज होत नाही. त्यासाठी भाऊबंदकीतला अबोला मात्र सोडावा लागतो, आणि तो सुटत नाही म्हणून प्रवेश हुकल्याची उदाहरणे आमच्या कानावर आली आहेत.

म्हणून पहिला बेत असा असावा. प्रत्येक तालुक्याच्या गावी, बुद्धविहारात किंवा एखाद्या शाळेच्या खोलीत, जून ते सप्टेंबर दर रविवारी दोन माजी विद्यार्थी बसतील, एक बंधू आणि एक भगिनी. भगिनी हवीच, कारण गावाकडची मुलगी एकटीने परक्या पुरुषाला आपली अडचण सांगत नाही, आणि आईही तिला एकटी पाठवत नाही. जवळ एक भ्रमणध्वनी, एक छपाईयंत्र, कोरे कागद. भाषण नको, हारतुरे नकोत. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांचे कागद निघण्याआधीच पुरे झाले पाहिजेत, नाहीतर आईबाप फडात आणि सही घ्यायला घरी कुणी नाही, अशी गत होते.

हरवलेल्या भगिनी

संघाच्या याद्या आम्ही जेव्हा जेव्हा चाळतो, तेव्हा एक गोष्ट खटकते. मुलींची नावे कमी असतात. त्या शिकल्या नाहीत असे मुळीच नाही. लग्न झाले, आडनाव बदलले, गाव बदलले, फोनचा क्रमांक बदलला, आणि यादीतली कुमारी पुन्हा कुणाला सापडली नाही. लोहाऱ्याची एम.एस्सी. झालेली लेक सोलापूरला सासरी असते. तिथल्या संघाला ती ठाऊक नाही आणि इथल्या संघाने तिला सोडून दिलेले. तिच्या शेजारच्या गल्लीत धाराशिवहून नर्सिंगला आलेली दुसरी पोरगी खोली शोधत हिंडते. या दोघींची गाठ घालून देणे हेच संघाचे काम नव्हे काय? नोंदवहीत माहेरचे नाव आणि सासरचे नाव असे दोन रकाने करा, एवढ्याने अर्धे काम होईल. मेळावाही शक्यतो अशा दिवसांत घ्या, की लेकी माहेरी आलेल्या असतील आणि लेकरे कडेवर घेऊन येऊ शकतील.

आता पैशाचे. वर्गणी गोळा करायची तर संघ नोंदलेला हवा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात माणसे लागतात, आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा बदल अर्ज आपल्याकडे हमखास राहतो. मग दोन गट पडतात, दोघेही स्वतःला अध्यक्ष म्हणवतात आणि बँकेतले खाते गोठते. चांगल्या चांगल्या मंडळांची अशी वाट लागलेली आम्ही पाहिली आहे. परदेशात असलेल्या बांधवांकडून मदत घेताना आणखी एक ध्यानात ठेवावे. त्यांचे पारपत्र अजून भारताचे असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते, पण त्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि तिला केंद्राची परवानगी लागते. पहिल्या वर्षी मोठ्या रकमेच्या मागे लागू नये. जमेल तितक्या मुलांचे परीक्षा शुल्क आणि एसटीचा पास भरला, आणि त्याचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लावला, तरी पुढची वर्गणी लोक न मागता देतील.

दुसरी एक गोष्ट समाजाच्या फारशी लक्षात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या विमुक्त जाती, इतर मागास वर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. धाराशिवच्या उपकेंद्राला काय मिळाले, मुलींच्या वसतिगृहाचे काय झाले, हे तिथे विचारता येते. पण पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप येत नाही, ते स्वतः नोंदवावे लागते. ज्या नावासाठी माणसांनी घरेदारे जळताना पाहिली, त्या विद्यापीठाच्या मतदारयादीत आपली नावे शोधावी लागतात, याची आम्हाला खंत वाटते. मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे दिवस फार उरलेले नाहीत.

पुस्तकपेढी, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, नोकरीच्या मुलाखतीची तयारी हे बेत सर्वच संघ मांडतात, आम्हीही मांडू. त्यांपैकी अभ्यासिका सुरू करणे सोपे आणि टिकवणे अवघड असते, कारण वीजबिल दर महिन्याला येते. आधी रविवारची बैठक वर्षभर चालवून दाखवावी, मग खोलीचे भाडे ठरवावे.

ज्यांना आपल्या तालुक्यात ही बैठक सुरू करायची आहे, त्यांनी साधी दोनशे पानी वही घ्यावी. रकाने असे आखावेत : नाव, माहेरचे नाव, मूळ गाव, सध्याचे गाव, महाविद्यालय किंवा विभाग, पदवी आणि वर्ष, जात वैधता झाली आहे काय, पदवीधर म्हणून नाव नोंदले आहे काय, आणि महिन्यातला कोणता रविवार देता येईल. शेवटचा रकाना रिकामा ठेवून कुणालाही उठू देऊ नये.