जिना बाहेर, थंडी आत

जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत बांधलेल्या कितीतरी घरांच्या तळघरांना नुसत्या काँक्रीटच्या भिंती आहेत. थंडी अडवणारा थर त्यांवर नाही. अशा तळघरात राहण्याजोगी खोली काढायची, तर अंगणातून थेट खाली उतरणारा जिना हवासा वाटतो. त्यासाठी भिंतीलगतची माती उपसली जाते. ‘इतकी वर्षं भिंत अशीच होती, आता काय बिघडणार?’ हा गैरसमज इथेच होतो. बिघडतं ते माती गेल्यामुळे. दोन मीटर खोलीवर तिथली माती भर हिवाळ्यातही सहसा पाच अंशांच्या खाली जात नाही. जिन्याच्या खड्ड्यातली हवा मात्र उणे दहापर्यंत उतरू शकते. आत वीस अंश धरले, तर भिंतीच्या दोन बाजूंमधला फरक पंधरावरून तीसवर जातो आणि बाहेर जाणारी उष्णताही साधारण दुप्पट होते. तीस सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचा हिशेब मांडला, तर अशा रात्री भिंतीचा आतला पृष्ठभाग जेमतेम आठ अंशांवर येतो. वीस अंशांच्या, पन्नास टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ नऊ अंशांच्या आसपासच दव होऊन जमू लागते. म्हणजे खोली नवी आणि भिंत ओली. बाहेरून एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) फोमचा दहा सेंटीमीटर थर दिला, की तोच पृष्ठभाग अठरा अंशांच्या वर राहतो.

यावर ‘वॉटरप्रूफिंग तर करतोच आहोत’ असं उत्तर येतं. पावसाच्या प्रदेशातून गेलेल्या मराठी माणसाला ते पटतंही चटकन, कारण आपल्याकडे ओल म्हणजे बाहेरून झिरपणारं पाणी. ते काम वॉटरप्रूफिंगचंच, पण आतल्या हवेतून भिंतीवर जमणारं पाणी ते अडवत नाही. आणि नुसत्या फोमने मातीतलं पाणी थांबत नाही. म्हणून आधी भिंत साफ करून सपाट करायची, मग जलरोधक लेप आणि त्यावर फोम. हा फोम मातीत चालणाराच हवा. पॅकिंगचा पांढरा थर्मोकोल ओल्या मातीत हळूहळू पाणी पितो. ‘भिंतीला श्वास घेऊ द्या’ हा आक्षेप तर सोडून द्यावा: खोलीतली दमट हवा खिडकीतून जाते, काँक्रीटमधून नव्हे.

आतून थर देणं स्वस्त पडतं, हे खरं. बाहेर खणताच येत नसेल तिथे तो मार्ग नीट आखून वापरतातही. पण त्याने मूळ भिंत आणखी थंड पडते. थरामागे खोलीतली हवा शिरली तर दव तिथेच साचतं, दिसत नाही. शिवाय आतल्या आडव्या भिंती आणि स्लॅब बाहेरच्या भिंतीला भिडतात, तिथे थर तुटतोच. बाहेरच्या थराचा मोठा खर्च खोदाईचा, आणि जिन्यासाठी ती झालेलीच असते. थरामुळे जिना अरुंद होईल, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणून जाडी नकाशातच धरावी. एकदा काँक्रीटच्या पायऱ्या जुन्या भिंतीला चिकटवून ओतल्या, की मागे फोम सरकवायला जागा उरत नाही आणि त्या पायऱ्याच भिंतीतली ऊब बाहेर नेतात. जिना स्वतःच्या पायावर, भिंतीपासून सुटा उभा राहिला तर हे टळतं. थरही जिन्याच्या रुंदीवर न थांबवता दोन्ही बाजूंना थोडा पुढे न्यावा.

याहून कमी बोललं जातं ते पायाबद्दल. जर्मनीत पाया गोठण्यापासून वाचावा म्हणून तो जमिनीखाली किमान ऐंशी सेंटीमीटर धरतात. जिन्यासाठी माती गेली, की काल खोल असलेला पाया आज उथळ ठरतो. तिथे तो खाली वाढवावा लागतो, तोही एका वेळी जास्तीत जास्त सव्वा मीटर रुंदीचा तुकडा खणून, नाहीतर घराखालचा आधारच सुटेल. हे काम स्ट्रक्चरल इंजिनियरच्या हिशेबाशिवाय सुरू करू नये. आणि तळघर फक्त सायकली, बटाटे ठेवायला असेल, कधीच तापवायचं नसेल, तर भिंतीच्या थराचा युक्तिवाद बराच सैल पडतो: तिथे तळघराच्या छताला खालून थर देणं अधिक शहाणपणाचं, भिंतीला वॉटरप्रूफिंग पुरे.