माहिती शोधून देण्याचे शास्त्र

मध्य रेल्वेच्या कांजूरमार्ग स्थानकावर पश्चिमेकडे उतरले, की पवईच्या आय.आय.टी.कडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी दिसते. तिकडे न वळता लालबहादूर शास्त्री मार्गाने, म्हणजे जुन्या आग्रा रोडने, दक्षिणेकडे निघालो तर विक्रोळीनंतर घाटकोपर लागते. तेथे कापडगिरण्यांसाठी संशोधन करणारी बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन ही संस्था आहे. आणखी दक्षिणेला, खाडीच्या काठी, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. यांपैकी घाटकोपरची संस्था आणि तुर्भ्याचे केंद्र १९५४ सालचे, आय.आय.टी. १९५८ सालची. एकाच उपनगरी पट्ट्यात चार-पाच वर्षांच्या अंतराने या तीन संस्था उभ्या राहिल्या.

आता अशी कल्पना करा, की आपण १९५५ साली या पट्ट्यातील एका प्रयोगशाळेत काम करतो आहोत. प्रश्न साधा आहे: सूतकताईच्या खात्यातील हवेत दमटपणा किती असला म्हणजे धागा कमी तुटतो? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये, जपानमध्ये, कदाचित रशियातही कोणी प्रयोग केले असतील. पण ते कोठे छापले गेले, हे कसे कळणार? संगणक नाही, छायाप्रती काढून देणारी दुकाने नाहीत. परदेशी नियतकालिक बोटीने येते आणि त्याची वर्गणी परकीय चलनात भरावी लागते. जुने काम सापडले नाही तर तोच प्रयोग पुन्हा करावा लागेल. त्यात वर्ष जाईल, यंत्रसामग्री अडकेल आणि शेवटी हाती येईल ते जगाला आधीच ठाऊक असलेले उत्तर.

ही अडचण दूर करणे हेच ज्यांचे काम होते, अशा माणसांची आणि त्यांनी घडवलेल्या शास्त्राची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

वेगळ्या प्रकारचे ग्रंथालय

गावातल्या ग्रंथालयात आपण पुस्तक मागतो आणि ग्रंथपाल ते काढून देतात. कारखान्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात येणारा माणूस बहुधा पुस्तक मागत नाही. तो प्रश्न घेऊन येतो. उत्तर एखाद्या शोधनिबंधातील एका कोष्टकात असू शकते, एखाद्या एकस्वात किंवा अहवालातही असू शकते. अशा ग्रंथालयाला 'विशेष ग्रंथालय' म्हणतात. या ग्रंथपालांची पहिली संघटना अमेरिकेत १९०९ साली स्थापन झाली, ब्रिटनमधील 'अ‍ॅस्लिब' १९२४ साली, आणि भारतातील 'आयास्लिक' ही संघटना १९५५ साली कोलकात्यात.

विशेष ग्रंथपाल नवे अंक आले की स्वतः चाळत. कोणता संशोधक कशावर काम करतो हे त्यांना माहीत असे, त्यामुळे त्याच्या उपयोगाचा निबंध दिसला की मागणी येण्यापूर्वीच त्याला कळवत. निबंधांचे सारांश करणे, सूची तयार करणे, परभाषेतील निबंधांची भाषांतरे मिळवणे ही त्यांची रोजची कामे. भाषांतराचे महत्त्व पवईच्या उदाहरणावरून लक्षात येते. आय.आय.टी.च्या उभारणीसाठी युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली. तज्ज्ञ आणि उपकरणे तिकडून आली. रशियन न येणाऱ्या संशोधकाला तेथील निबंध भाषांतराशिवाय निरुपयोगीच होता. या सर्व कामांना मिळून 'प्रलेखन' असे नाव होते.

निबंध विखुरतात कसे?

लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयातील सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी एक मोजणी केली आणि १९३४ साली ती प्रसिद्ध केली. उपयोजित भूभौतिकी या विषयावरचे १३३२ निबंध त्यांनी गोळा केले. ते ३२६ नियतकालिकांत छापले गेले होते. सर्वाधिक निबंध देणारी नियतकालिके वर ठेवून त्यांनी तीन गट पाडले. पहिल्या गटातील केवळ ९ नियतकालिकांत ४२९ निबंध होते. दुसऱ्या गटात ५९ नियतकालिकांत मिळून ४९९, आणि तिसऱ्या गटात २५८ नियतकालिकांत मिळून ४०४ निबंध.

म्हणजे प्रत्येक गटात साधारण एक तृतीयांश निबंध. पण ते मिळवण्यासाठी लागणाऱ्या नियतकालिकांची संख्या दर पायरीला सरासरी पाच-सहा पटींनी वाढते. कोष्टकाचा अर्थ व्यवहारात पाहू. ९ नियतकालिकांची वर्गणी भरली की एक तृतीयांश काम झाले. उरलेल्या दोन तृतीयांशांसाठी आणखी ३१७ नियतकालिके घ्यावी लागतील! कितीही श्रीमंत संस्थेला हे परवडणार नाही. १९५० च्या दशकातील भारतात तर तो प्रश्नच नव्हता.

यातून निघणारा उपाय म्हणजे वाटून घेणे. १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान प्रलेखन केंद्र सुरू झाले. ते 'इन्सडॉक' या नावाने ओळखले जाई. (२००२ साली ही संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली.) निबंधाची छायाप्रत किंवा सूक्ष्मपट पुरवणे, भाषांतर करून देणे, कोणते नियतकालिक देशात कोठे आहे याच्या संयुक्त याद्या करणे ही कामे इन्सडॉकने उचलली. भारतीय वैज्ञानिक लेखनाचे सारांश देणारे त्याचे नियतकालिक १९६५ साली सुरू झाले. हीच कल्पना पुढे जगाच्या पातळीवर गेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७० साली 'इनिस' ही माहितीव्यवस्था सुरू केली. प्रत्येक देशाने आपल्याकडील अणुविज्ञानाच्या लेखनाची नोंद पाठवायची आणि त्या बदल्यात सर्व देशांच्या नोंदी मिळवायच्या, असा तिचा नियम. भारताच्या वतीने हे काम तुर्भ्याच्या केंद्राने सांभाळले.

एकच गोष्ट, नावे अनेक

निबंध ग्रंथालयात आहे, तरी तो सापडत नाही, असेही घडते. आमचाच अनुभव सांगतो. पीएच.डी.साठी आम्ही कापसाच्या तंतूंवर काम करत होतो. संगणकावर 'ह्युमिडिटी' हा शब्द देऊन शोध घेतला आणि आमच्या प्रश्नावर कोणी काम केलेले नाही अशी खात्री करून घेतली. तीन महिने मोजमापे केली. नंतर एका ज्येष्ठ ग्रंथपालबाईंशी सहज बोलणे झाले. त्यांनी विचारले, "तुम्ही 'मॉइश्चर रीगेन' या नावाखाली पाहिलंत का?" वस्त्रोद्योगात तंतूने हवेतून शोषलेल्या ओलाव्याला हा शब्द वापरतात. सारांशांच्या जुन्या खंडात त्यांनी दहा मिनिटांत निबंध काढून दिला. आमची मोजमापे त्यात आधीच होती! संगणकाने आमची फसवणूक केली नव्हती. विचारलेल्या शब्दाचे त्याने चोख उत्तर दिले होते. प्रश्नच अर्धा होता.

शब्दांची ही अडचण मुळापासून समजून घेणाऱ्यांमध्ये शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव अग्रभागी येते. ते मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की वेगळी वस्तू तयार होते. विषयांचेही असेच करता येईल, असे त्यांना सुचले. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले.

त्याआधीच्या पद्धतींत विषयांची लांबलचक यादी आधी तयार असे आणि पुस्तक त्यातल्या एका कप्प्यात बसवावे लागे. रंगनाथन यांनी विषयाचे घटक वेगळे केले. आपलाच प्रश्न घ्या. वस्तू कोणती? सूत. तिचा कोणता गुण? ताकद. कोणती क्रिया? कताई. कोठे? मुंबईत. केव्हा? १९५५ साली. हे घटक पाहिजे तसे जोडले, की कोणीही आधी यादीत न लिहिलेला विषयसुद्धा मांडता येतो. आणि शोधणारा यांपैकी कोणत्याही बाजूने आत शिरू शकतो. १९६२ साली रंगनाथन यांनी बंगळूर येथे प्रलेखनाच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे केंद्र सुरू केले.

सुई आणि कार्डे

घटक वेगळे केले, तरी ते पटकन जुळवायचे कसे? त्या काळातील एक साधन फार सोपे होते. जाड कार्डाच्या कडेने छिद्रे पाडलेली असत. प्रत्येक छिद्राला एक अर्थ: पहिले 'कापूस', दुसरे 'ओलावा', तिसरे 'ताकद', इत्यादी. एका निबंधाला एक कार्ड. निबंधात ओलाव्याची माहिती असेल तर दुसरे छिद्र आणि कार्डाची कड यांमधला कागद कापून तेथे खाच करायची.

शोधताना सर्व कार्डांचा गठ्ठा हातात धरायचा, 'ओलावा' या छिद्रातून विणकामाची सुई आरपार घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. खाच असलेली कार्डे खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेल्या कार्डांतून 'कापूस' या छिद्रात सुई घातली, की दोन्ही विषयांचे निबंध खाली पडतात. कार्डे क्रमाने लावण्याची गरजच नाही. आठ छिद्रे असतील तर दोन-दोन विषयांच्या २८ जोड्या होतात. त्या २८ जोड्यांची यादी आधी करून ठेवावी लागत नाही. 'आणि', 'किंवा', 'वगळून' या तर्कक्रिया सुईने करता येतात. संगणकातील शोधामागे हाच तर्क आहे. अशा कार्डांवर काम करणाऱ्या केल्विन मूअर्स या अमेरिकन संशोधकानेच १९५० साली 'माहिती पुनर्प्राप्ती' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग प्रथम वापरला.

सापडले किती, उपयोगी किती?

शोध चांगला झाला की नाही, हे कसे ठरवायचे? इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून याचे प्रयोग केले. त्यातून दोन मापे रूढ झाली. समजा, संग्रहात आपल्या उपयोगाचे १० निबंध आहेत. शोधात १२ निबंध हाती आले आणि त्यांतले ६ उपयोगी निघाले. मग १० पैकी ६, म्हणजे ६० टक्के निबंध सापडले. आणि हाती आलेल्यांपैकी १२ पैकी ६, म्हणजे ५० टक्के नेमके होते. जाळे मोठे टाकले तर पहिले माप वाढते, पण सहसा दुसरे घसरते.

यांतले दुसरे माप आपल्याला डोळ्यांनी दिसते. पहिले दिसत नाही, कारण न सापडलेले निबंध समोर येतच नाहीत. आमचे तीन महिने वाया गेले ते यामुळेच. आज मोबाइलवर पहिल्या ओळीत आलेले उत्तर वहीत उतरवणारा विद्यार्थी याच जागी उभा असतो.

वर्गात करून पाहा

शाळेत विज्ञान मासिकांचे जुने अंक असतील. त्यांतले चाळीस लेख निवडा. सारख्या आकाराची चाळीस कार्डे कापा, प्रत्येकाच्या वरच्या कडेला आठ छिद्रे एकाच जागी येतील अशी पाडा आणि कार्डाचा एक कोपरा तिरपा कापा, म्हणजे उलटे लागलेले कार्ड लगेच ओळखू येईल. आठ छिद्रांना कोणते आठ विषय द्यायचे, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्या. येथे वाद होतील. पावसावरचा लेख 'पाणी'त घालायचा की 'हवामाना'त? दोन्हीकडे खाच करता येते, हे त्यांचे त्यांनाच सुचले तर फार चांगले.

मग दुसऱ्या तुकडीतील मुलांना एक प्रश्न देऊन सुईने शोधायला सांगा. शेवटी चाळीसही लेख चाळून उपयोगी लेख मोजा आणि वरची दोन्ही मापे काढा. जे लेख सुटले, ते का सुटले? बहुतेक वेळा कारण एकच निघते: लेखकाचा शब्द वेगळा आणि शोधणाऱ्याचा वेगळा. त्या ग्रंथपालबाईंनी आम्हाला विचारलेला प्रश्न मुलांनी एकमेकांना विचारला, की हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.