प्लास्टर निघाले, तरी काम संपत नाही



गेल्या जूनमध्ये धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा जांभळाच्या झाडावरून पडला आणि मनगटाच्या वर त्याचा हात मोडला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पुढच्या दीड महिन्यात तो ओढ्यात घसरला आणि तोच हात त्याच जागी पुन्हा मोडला. आईने विचारले, "ताई, आमच्याच पोराच्या मागे हे का लागलं?"

या प्रश्नाला सरळ उत्तरे आहेत, आणि आपल्या प्रत्येक वसतिगृहात ती माहीत असायला हवीत.

पहिले उत्तर असे की, प्लास्टर निघते तेव्हा हाड जुळलेले असते, पण पूर्वीइतके बळकट नसते. हाताचे हाड मोडल्यावर पुढचे काही महिने तेच हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर झाडावर चढणे, कुस्ती आणि जड ओझे बंद ठेवावे.

दुसरे उत्तर आहाराचे. आयुष्यभराच्या हाडांच्या ठेवीपैकी सुमारे 90 टक्के ठेव वयाच्या विशीपर्यंत जमा होते. या काळात कॅल्शियम, प्रथिने आणि ड जीवनसत्त्व कमी पडले, तर हाडे कच्ची राहतात. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे 1000 जणांची पाहणी अनेक दशके चालू आहे. बालपणी ज्यांची हाडे एकाहून अधिक वेळा मोडली, त्यांना मोठेपणीही हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. सुस्थितीतल्या देशात ही गत, तर आपल्या पाड्यांवरील मुलांकडे किती लक्ष द्यायला हवे!

तिसरी गोष्ट वाढीची. मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा थर असतो आणि तिथूनच हाड वाढते. त्याला इजा झाली, तर हातपाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. हे लगेच दिसत नाही. म्हणून पुढची तपासणी चुकवू नये. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातकडे जातात, तेव्हा नेमकी हीच तपासणी राहून जाते.

गावातील हाडवैद्याला लोक मानतात. त्यांचा अपमान करू नये. पण बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर रक्तपुरवठा थांबून काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटे थंड, निळी किंवा बधिर झाली, वा बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर बांधलेले ताबडतोब सैल करून मुलाला रुग्णालयात न्यावे. प्लास्टर घातल्यावरही हीच लक्षणे पाहावीत. तेव्हाही उशीर न करता रुग्णालय गाठावे. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे.

उपाय आपल्याच घरात आहेत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120. नाचणीची भाकर, तीळ, काट्यांसह खाल्ली जाणारी सुकी मासळी, अंडी, डाळ आणि उन्हातला खेळ, यांनी हाडे भरतात. फारसे न पडता, थोड्याशा धक्क्याने हाड मोडले किंवा पुन्हा पुन्हा मोडू लागले, तर डॉक्टरांना कारण शोधायला जरूर सांगावे.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या माणसाला त्याने उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येईन असे सांगून गेला. आपली सेवाही अशीच असावी. आपल्या देणगीतून मुलांना दुसऱ्या, तिसऱ्या तपासणीचे गाडीभाडे मिळते आणि रोजच्या ताटात नाचणी येते. त्या मुलाचे दुसरे प्लास्टर आता निघाले आहे. यंदा ऊसतोडीला त्याचे आईवडील गेले, तो मात्र वसतिगृहात राहिला आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सर्व लेकरांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.