वरची टाकी, खालची टाकी आणि सांडवा

रंगीत मासे पाळायचा विचार करणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. वर माशांची काचेची टाकी, खाली गाळणीची टाकी. वरचं पाणी पाइपाने खाली येतं, स्पंजातून गाळलं जातं आणि छोटी मोटर ते पुन्हा वर चढवते. मग खाली येणारं आणि वर जाणारं पाणी सारखं कसं ठेवायचं?

काही जणी खाली येणाऱ्या पाइपाला कॉक लावून तो कमी-जास्त करत बसतात. तसं कधीच जुळत नाही. मिनिटाला अर्ध्या लिटरचा फरक राहिला, तरी तासाभरात 30 लिटर होतात. एक तर वरची टाकी सांडते, नाही तर मोटर कोरडी पडून जळते.

याचं उत्तर आपल्या तलावांत आहे. नवेगाव बांधापासून आपल्या गावातल्या बोडीपर्यंत कुठेही बघा. पावसात किती पाणी येईल ते कुणी मोजत नाही. पाळीपेक्षा खाली सांडवा ठेवलेला असतो. जास्त पाणी आलं की सांडव्यावरून जास्त जातं, कमी आलं की कमी. पाळ सुरक्षित राहते.

टाकीतही तसंच करायचं. काठाच्या चार बोटं खाली पाइपाचं तोंड ठेवा. हा आपला सांडवा. पाइप मोटरच्या पाइपापेक्षा चांगला जाड घ्या आणि त्याला कॉक लावू नका. मोटर जितकं पाणी वर टाकेल, तितकंच खाली येईल. कॉक हवाच असेल, तर वर जाणाऱ्या पाइपाला लावा. तोंडाला जाळी बसवा, म्हणजे मासे जाणार नाहीत. जाळी शेवाळाने तुंबते, म्हणून थोडा उंचावर दुसरा रिकामा पाइप ठेवा.

मोटरच्या खोक्यावरचा आकडा खरा धरू नका. पाणी जितकं उंच चढवायचं, तितकं ते कमी येतं. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर तासाला 600 लिटर झाले.

आता लाइट गेल्यावर काय? मोटर थांबते, पण वरचं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत खाली येतच राहतं. वर जाणाऱ्या पाइपाचं टोक पाण्यात खोल बुडालेलं असेल, तर त्यातूनही पाणी उलटं ओढलं जातं. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळपास 14 लिटर. दोन इंच उतरलं तर 27-28 लिटर. तेवढी जागा खालच्या टाकीत मोकळी हवीच. म्हणून ते टोक पाण्याच्या पातळीच्या किंचितच खाली ठेवा.

मासे आणण्याआधी एकदा मुद्दाम मोटर बंद करून बघा. सगळं पाणी उतरल्यावर खालची टाकी सांडत नसेल, तर मोटर पुन्हा सुरू करा. पाणी स्थिर झालं की खालच्या टाकीवर नेलपॉलिशने रेघ ओढा. रोज वाफ होऊन कमी झालेलं पाणी या रेघेपर्यंतच भरायचं, वर नाही.

लाइट बराच वेळ गेली तर आणखी एक धोका असतो. स्पंजात माशांची घाण पचवणारे बारीक जीवाणू राहतात. त्यांनाही हवा लागते. पाणी थांबलं की ते मरू लागतात आणि माशांचाही श्वास कोंडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

आणि पाण्यात हात घालण्याआधी मोटरची पिन काढायची, हे घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा.

गटाचा पैसा कर्जाचा असतो. एका रात्रीत मासे मेले, तरी हप्ता थांबत नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच: आधी सांडवा नीट करा, मग मासे आणा.